लँबेथ रोडवरच्या दोन तोफा

गेल्या वर्षी मी साडेतीन महिने लंडनमध्ये मुलीकडे राहिलो. तिचे घर शहराच्या दक्षिण भागात, केनिंग्टनला आहे. सकाळी नातीला शाळेत सोडले की दिवसभर मला फारसे काम नसे, आणि घरापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर लँबेथ रोडला लागून असलेली एक मोठी बाग मला सापडली होती. या बागेत इम्पीरियल वॉर म्युझियमची घुमटवाली जुनी इमारत आहे आणि तिच्या दाराकडे जाणाऱ्या वाटेवर, येणाऱ्याकडे तोंड करून, युद्धनौकेच्या दोन प्रचंड तोफा शेजारीशेजारी मांडलेल्या आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहुण्याच्या नजरेने पाहिले आणि पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी मात्र पाय तिथेच थबकले, कारण मी आयुष्यभर ज्या कामात होतो त्याच कामाचा हा एक अजस्र नमुना आहे, हे तोवर लक्षात आले होते.

माझी चौतीस वर्षे भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर आणि बोअरिंग मशीनवर गेली. पोलादाच्या गोल ठोकळ्यात आरपार सरळ भोक पाडायचे, ते आतून गुळगुळीत करायचे आणि त्याचे माप या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे राखायचे, हे काम ज्याने केले आहे त्याला तोफ दिसली की आधी तिच्या आतली पोकळी दिसते, बाकीची तोफ नंतर दिसते. भोक जितके लांब तितके हत्यार थरथरते आणि मध्येच आपली वाट सोडते. हात-दीड हात लांबीच्या बोअरसाठी मी अख्ख्या रात्रपाळ्या घालवल्या आहेत आणि सकाळी माप बिघडलेले पाहून जॉब भंगारात टाकला आहे. इथे समोर पंधरा इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर व्यासाची आणि सोळा मीटर लांबीची पोकळी होती. नळीची एकूण लांबी साडेसोळा मीटर आहे. मी तिच्या कडेने चाललो तेव्हा माझी बावीस पावले भरली. मागच्या दारासकट एका नळीचे वजन सुमारे शंभर टन आहे. शेजारी या तोफांचे गोळे उभे करून ठेवले आहेत. त्यांतला एक माझ्या नऊ वर्षांच्या नातीहून उंच होता आणि असा एक गोळा ८७० किलोहून अधिक वजनाचा असे, म्हणजे एखाद्या छोट्या मोटारीइतका.

एवढी नळी एका ठोकळ्यातून कोरून काढलेली नसते, हे बहुतेक पाहणाऱ्यांना ठाऊक नसते आणि बाहेरून ते कळण्याची सोयही नाही. आत एक नळी, तिच्यावर घट्ट बसवलेली दुसरी नळी, त्यावर चपट्या पोलादी तारेचे थरावर थर, आणि या सगळ्यावर पुन्हा एक जाड पोलादी आवरण, अशी तिची घडण आहे. बाहेरचे आवरण तापवून चढवतात आणि ते थंड होताना आतल्या थरांना चारी बाजूंनी आवळते. आमच्या गावी लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवत असे, ती मला इथे आठवली. शेणाच्या गोवऱ्यांच्या वर्तुळात लाल केलेली लोखंडी धाव चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. धाव आक्रसली की चाकाचे सांधे करकरत आवळून येत आणि चाक पुढे कित्येक वर्षे खिळखिळे होत नसे. तोफेचे तत्त्व तेच आहे. दारू पेटल्यावर नळीच्या आत दर चौरस सेंटिमीटरला तीन हजार किलोहून अधिक दाब निर्माण होतो आणि तो पोलादाला बाहेर ढकलू पाहतो. म्हणून ते पोलाद आधीपासूनच आतल्या बाजूला दाबून ठेवलेले असते. तार गुंडाळण्याची पद्धत त्या काळात ब्रिटिशांच्या विशेष आवडीची होती. तिच्यामुळे नळी सहजासहजी फुटत नाही, पण तार लांबीच्या दिशेने ताकद देत नाही, आणि त्यामुळे अशा लांब नळ्या स्वतःच्या वजनाने तोंडाकडे किंचित झुकत. शंभर टनांची वस्तू केसाएवढी का होईना वाकते आणि ती किती वाकते याचा हिशेब नेम धरताना करावा लागतो, हे वाचून मला त्या अनोळखी कारागिरांबद्दल फार जवळीक वाटली.

या तोफेची कथा १९१२ च्या सुमारास सुरू होते. विन्स्टन चर्चिल तेव्हा ब्रिटनचे नौदलमंत्री होते आणि त्या वेळच्या ब्रिटिश युद्धनौकांवरची सर्वांत मोठी तोफ साडेतेरा इंची होती. जर्मनी आणि इतर देश त्याहून मोठ्या तोफांकडे वळत आहेत असे दिसताच चर्चिल यांनी एकदम पंधरा इंचांवर उडी घेतली. अडचण अशी होती की नौकांचे आराखडे तोफेच्या मापावर बेततात आणि तोफ तर अजून कागदावरच होती. ती बनवून, चाचण्या घेऊन मग नौका बांधायला घ्याव्यात तर वर्ष हातचे जाणार होते. शेवटी न्यूकॅसलजवळच्या एल्स्विक कारखान्यात एकच नळी इतर नळ्यांच्या चार महिने आधी घाईने तयार करून घेतली गेली आणि नौकांचे काम मात्र तिच्या चाचणीची वाट न पाहता पुढे रेटण्यात आले. तोफेचे खरे माप बाहेर फुटू नये म्हणून कागदोपत्री तिला ‘१४ इंची प्रायोगिक’ असे नाव होते. चाचणी उत्तम पार पडली. ती फसती तर पाच नव्या युद्धनौका पायापासून चुकल्या असत्या, आणि एवढा मोठा डाव एका न जन्मलेल्या नळीवर लावण्याचे धाडस मला आजही अंगावर काटा आणते. पुढे १९१८ पर्यंत न्यूकॅसल, शेफील्ड, ग्लासगो, कॉव्हेंट्री आणि वुलिच येथल्या कारखान्यांत मिळून अशा १८६ नळ्या तयार झाल्या. बागेतल्या दोन त्यांतल्याच आहेत.

आता ती उडायची कशी, ते सांगतो. सुमारे ८७० किलोचा गोळा यंत्राच्या दांड्याने मागून नळीत ढकलायचा, त्याच्यामागे कॉर्डाइट नावाच्या धूररहित दारूच्या चार थैल्या सरकवायच्या, ज्यांचे एकूण वजन १९० किलोंच्या पुढे जाते, आणि मग मागचे दार लावायचे. त्या दारावर आटे आहेत, पण ते सलग नाहीत. ठरावीक पट्ट्यांमध्ये आटे कापून टाकलेले आहेत, त्यामुळे अनेक फेरे न फिरवता दार आत सारून थोडेसे वळवले की घट्ट बसते. हे दार मी पाऊण तास न्याहाळले असेन. नळीच्या आत पिळाच्या ७६ खाचा आहेत आणि गोळ्याच्या बुडाशी तांब्याचा पट्टा आहे; तो मऊ पट्टा खाचांत रुतून बसतो आणि गोळा पुढे सरकताना स्वतःभोवती फिरू लागतो. तोंडातून बाहेर पडताना त्याचा वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या आसपास असे. हे सारे करून मिनिटाला साधारण दोन गोळे सुटत.

प्रत्येक बार नळीला खातो. पेटलेल्या कॉर्डाइटचा तप्त वायू आतल्या पोलादाचा पापुद्रा काढून नेतो, खाचांच्या कडा गोल होतात, गोळा सैल बसू लागतो आणि नेम बिघडतो. पूर्ण भाराचे सुमारे ३३५ बार झाले की ही नळी झिजली असे मानत. ती आकडेवारी वाचल्यावर मी बाकावर बसून वहीत एक ढोबळ गणित मांडले. गोळा सुरुवातीला स्थिर असतो आणि तोंडाशी साडेसातशे मीटरच्या वेगाला पोहोचतो. वाट तेरा-चौदा मीटरची. म्हणजे तो नळीत जेमतेम सेकंदाचे तीन शतांश राहतो. अशा ३३५ फेऱ्यांची बेरीज दहा सेकंद होते. बनवायला कित्येक महिने, पोलाद शंभर टन, आणि आतली नळी आपले मूळ काम करते ती आयुष्यात एकूण दहा सेकंद. मी गणित दोनदा तपासले. कारखान्यात माझ्या हातून गेलेल्या कुठल्याही भागाचे आयुष्य तासांत किंवा वर्षांत मोजत. सेकंदांत मोजायची वस्तू मला पहिल्यांदाच भेटली.

या झिजण्यामुळेच या तोफांविषयीची एक गोष्ट समजते, जी फलक घाईने वाचणाऱ्याच्या हातून हमखास निसटते. नळी झिजली की ती नौकेवरून उतरवून कारखान्यात नेत, आतली नळी काढून नवी बसवत आणि दुरुस्त झालेली तोफ साठ्यात ठेवत. पुढे ज्या नौकेला गरज पडेल तिच्यावर ती चढे. त्यामुळे नौका आणि तिच्या तोफा यांची जोडी जन्मभराची नसे. तोफेला नाव नसते, क्रमांक असतो. नाव नौकेचे असते आणि ते तोफेला तेवढ्या काळापुरते चिकटते. ब्रिटनची शेवटची युद्धनौका व्हॅनगार्ड १९४६ मध्ये सेवेत आली तेव्हा तिच्यावर बसवलेले तोफांचे बुरूज, म्हणजे तोफा धरणारी फिरती पोलादी घरे, करेजस आणि ग्लोरियस या नौकांसाठी पहिल्या महायुद्धात बनलेले होते. त्या नौकांची १९२० च्या दशकात विमानवाहू जहाजे झाल्यावर हे बुरूज पडून राहिले होते. व्हॅनगार्डने युद्धात एकही गोळा डागला नाही आणि १९६० मध्ये ती भंगारात गेली.

या बाबतीत माझ्याच हातून चूक झाली. बागेतल्या दोनपैकी एक तोफ रॅमिलीज या युद्धनौकेवरची आहे. रॅमिलीज १९४४ च्या, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीच्या स्वारीत होती हे मी कुठेसे वाचले होते. तिच्याविषयीची एक हकिकतही माझ्या मनात बसली होती. १९४० च्या जानेवारीत ही नौका न्यूझीलंडमध्ये गेली असता माओरी लोकांनी तिच्या कप्तानाला फ्लॅक्स या वनस्पतीच्या पात्यांचा त्यांचा पारंपरिक घागरा भेट दिला आणि लढाईच्या वेळी कप्तानाने तो अंगावर घातला तर नौकेला इजा होणार नाही असे सांगितले. नॉर्मंडीच्या दिवशी त्या वेळच्या कप्तानाने तो खरोखर गणवेशावर बांधला होता. मी पुण्यातल्या एका मित्राला उत्साहाने फोन करून सांगितले, की नॉर्मंडीला धडधडलेली तोफ मी हाताने चाचपून आलो. आठवड्याने फलक नीट वाचला तेव्हा समजले, की ही नळी १९१६ मध्ये रॅमिलीजवर बसवली गेली आणि १९४१ मध्येच उतरवली गेली. नॉर्मंडीला त्या नौकेवर दुसऱ्या नळ्या होत्या. घागऱ्याची भेट मिळाली त्या वेळी ही नळी नौकेवर होती, पण तो बांधून केलेल्या लढाईत ती नव्हती.

तिच्या स्वतःच्या नावावर जमा आहे ते वेगळेच. ग्लासगोजवळ क्लाइड नदीकाठी बांधलेली रॅमिलीज १९१७ मध्ये सेवेत आली, म्हणजे ब्रिटिश आणि जर्मन आरमारांची १९१६ मधली जटलंडची मोठी लढाई होऊन गेल्यावर. त्यामुळे युद्धासाठी बनलेली ही तोफ ते महायुद्ध संपेपर्यंत शत्रूवर डागलीच गेली नाही. तिचा पहिला खरा बार १९२० मध्ये मार्मारा समुद्राच्या किनाऱ्यावरच्या तुर्की ठिकाणांवर झाला. नंतर वीस वर्षे शांततेत गेली. १९४० च्या ऑगस्टमध्ये तिने लिबियातल्या बार्दिया या इटालियन ठाण्यावर मारा केला आणि त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला सार्डिनियाजवळ, स्पार्टिव्हेंतो भूशिराच्या लढाईत ती इटालियन आरमारावर चालली. ती लढाई मला फार बोलकी वाटते. रॅमिलीज तोवर म्हातारी झाली होती, तिचा वेग ताशी वीस सागरी मैलांपुढे जात नव्हता, आणि तिच्या बुरुजांत तोफेचे तोंड वीस अंशांपेक्षा वर उचलता येत नव्हते. तिने दोनेक वेळा सरबत्ती केली, गोळे अलीकडेच पाण्यात पडले आणि मग वेगवान नौका पुढे निघून गेल्या व ती मागे राहिली.

दुसऱ्या तोफेकडे पाहिले की वीस अंशांचे महत्त्व कळते. ती १९१५ पासून १९३८ पर्यंत रेझोल्यूशन या नौकेची होती. ही नौका रॅमिलीजच्याच वर्गातली, म्हणून दोन्ही नळ्यांचा मारा त्या काळी सारखाच, साधारण साडेएकवीस किलोमीटरचा. पुढे ही तोफ रॉबर्ट्स नावाच्या मॉनिटरवर चढली. मॉनिटर म्हणजे उथळ बुडाची, संथ आणि रुंद नौका, जिचे कामच किनाऱ्याजवळ जाऊन जमिनीवर मारा करणे हे होते. रॉबर्ट्सवर दोन तोफांचा एकच बुरूज होता आणि तोही पहिल्या महायुद्धातल्या मार्शल सोल्ट या मॉनिटरवरून काढून आणलेला. म्हणजे नौका नवी, बुरूज एका जुन्या नौकेचा आणि नळी तिसऱ्याच नौकेची. या सुधारलेल्या बुरुजात तोंड तीस अंशांपर्यंत उचलता येई. त्यामुळे त्याच जातीची नळी नव्या घडणीच्या गोळ्यासह २९ किलोमीटरपर्यंत पोहोचू लागली. नळीत काहीही बदलले नव्हते. तिला मान वर करण्याची मुभा आणि नवा गोळा मिळाला होता, एवढेच.

म्हणजे नॉर्मंडीची तोफ होती ती ही. १९४४ च्या जूनमध्ये रॉबर्ट्सने फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजांच्या मदतीला मारा केला, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ती नेदरलँड्समधल्या वाल्खेरेन बेटासमोर उभी होती. वाल्खेरेनची हकिकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती जरा विस्ताराने लिहितो. अँटवर्पचे मोठे बंदर दोस्त सैन्याने सप्टेंबरच्या सुरुवातीला जवळजवळ शाबूत जिंकले होते, पण समुद्रातून तिथवर जाणारी खाडी जर्मनांच्या ताब्यात होती आणि खाडीच्या मुखाशी हे बेट होते. बेटाचा मधला भाग समुद्रसपाटीच्या खाली, बशीसारखा, आणि भोवती शतकानुशतके राखलेले बांध. ३ ऑक्टोबरला ब्रिटिश विमानांनी वेस्टकापेले गावाजवळचा बांध बाँबने फोडला आणि समुद्र आत घेतला. गावकऱ्यांना आधी पत्रके टाकून इशारा दिला होता, पण जायला जागा कुठे होती? त्या एका दिवसात गावातली शंभराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर महिनाभराने वॉरस्पाइट, एरेबस आणि रॉबर्ट्स या तीन नौका पंधरा इंची तोफा घेऊन किनाऱ्यावरच्या जर्मन तोफखान्यावर मारा करायला आल्या. गोळे कुठे पडत आहेत हे पाहून सांगणारी विमाने मात्र इंग्लंडमधल्या धुक्यामुळे उडू शकली नाहीत. पंचवीस किलोमीटर पोहोचणाऱ्या तोफेला स्वतःचे डोळे नसतात. कुणीतरी वरून पाहून सांगितल्याशिवाय ती आंधळी असते. जर्मन तोफा बऱ्याच अंशी शाबूत राहिल्या आणि किनाऱ्याजवळ गेलेल्या छोट्या नौकांनी त्याची जबर किंमत मोजली. तरीही बेट पडले, आणि नोव्हेंबर संपण्याआधी अँटवर्पमध्ये मालाची जहाजे येऊ लागली.

आपला या तोफांशी काय संबंध, असे कुणी विचारील तर मुंबईचे उत्तर माझ्याजवळ आहे. रॅमिलीजची तोफ १९२० मध्ये तुर्कांवर डागली जात होती, त्याच काळात तुर्कस्तानच्या खलिफाच्या प्रश्नावरून भारतात खिलाफत चळवळ पेटली होती आणि गांधीजींनी तिला असहकाराची जोड दिली होती. पुढच्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९२१ रोजी, ब्रिटनचे युवराज मुंबईत उतरले ते रिनाउन या नौकेतून, आणि रिनाउनवर याच जातीच्या सहा पंधरा इंची तोफा होत्या. अपोलो बंदरावर गेटवेचे बांधकाम तेव्हा अजून चालू होते. काँग्रेसने स्वागतावर बहिष्कार पुकारला होता, त्याच दिवशी गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली, आणि शहरात उसळलेल्या दंग्यांत पुढच्या काही दिवसांत पन्नासाहून अधिक माणसे मेली; गांधीजींनी ते थांबेपर्यंत उपोषण केले. बंदरातल्या त्या तोफांचा एकही गोळा मुंबईवर सुटला नाही. तरीही मी नकाशावर पट्टी ठेवून पाहिले. गेटवेपासून सरळ रेषेत वीस किलोमीटरवर विलेपार्ले येते आणि ते माऱ्याच्या आत पडते. स्वागतासाठी नांगरलेली नौका केवळ उभी राहूनच एक वाक्य बोलत असते, आणि बंदरावर जमलेल्या माणसांना ते नक्की ऐकू आले असेल. पुढे १९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी आरमार हिंदी महासागरात घुसले तेव्हा वॉरस्पाइट आपल्या आठ पंधरा इंची तोफांसह मुंबईच्या आसऱ्याला आली होती. त्या वेळी त्याच तोफांकडे मुंबईकरांनी कदाचित वेगळ्या नजरेने पाहिले असेल.

या दोन नळ्या बागेत आल्या त्या १९६८ मध्ये. रॉबर्ट्स १९६५ मध्ये भंगारात निघाली आणि तिच्या दोनपैकी एक तोफ वाचवून ठेवली गेली. जागाही विलक्षण आहे. संग्रहालयाची इमारत मुळात बेथलेम मनोरुग्णालयाची. १८१५ पासून १९३० पर्यंत तिथे रुग्ण राहत होते आणि १९३६ मध्ये युद्धसंग्रहालय तिथे आले. तोफा बसल्या त्याच वर्षी, १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये, एका तरुणाने इमारतीला आग लावली. मुलांसमोर युद्धाचे असे प्रदर्शन मांडणे त्याला मान्य नव्हते, असे त्याने सांगितले. आग लावणे चूकच होते. त्याची तक्रार मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण सुटीच्या दिवशी या तोफांखाली मुलांना उभे करून छायाचित्रे काढणारी कितीतरी कुटुंबे मी पाहिली आणि त्यांतला क्वचितच एखादा फलकाशी थांबला. त्याच बागेत, तोफांपासून थोड्याच अंतरावर, १९९९ मध्ये दलाई लामा यांच्या हस्ते उघडलेली तिबेटी शांतिवाटिका आहे. मी अनेकदा दोन्हीकडे बसलो आणि माझे मत असे झाले, की तोफा तिथेच असाव्यात, पण त्यांच्याजवळ नौकेच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत बार्दिया, मार्मारा आणि वाल्खेरेन येथल्या माणसांविषयीही लिहिलेले असावे. तोफेचे एक टोक बागेत आहे. तिचे दुसरे टोक जिथे गोळा पडला तिथे आहे, आणि ते पाहायला कुणी जात नाही.

हा प्रश्न खरे तर माझा नव्हता, नातीचा होता. एका शनिवारी मी तिला घेऊन गेलो होतो. दार, आटे, खाचा, धाव, सगळे मी तिला उत्साहाने समजावून सांगितले आणि तिने शांतपणे ऐकून घेतले. मग तिने विचारले, “आबा, पण गोळा कुठे पडला?” मला चटकन उत्तर देता आले नाही. त्या संध्याकाळी आम्ही संगणकावर वेस्टकापेलेचा उपग्रहावरून घेतलेला नकाशा उघडला. बांध आता पुन्हा पक्का झाला आहे आणि त्याच्या आतल्या बाजूला, समुद्र आत घुसला तिथे, पाण्याचा एक तुकडा अजून राहिला आहे. तो बांध बाँबने फुटला, तोफेने नाही, हेही मी तिला सांगितले, कारण एकदा चुकीची माहिती फोनवर सांगून झालेली होती. तिने बोटाने ते तळे मोठे केले, लहान केले, काठावरची घरे मोजली आणि तिथे मुले पोहतात का असे विचारले.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे पुन्हा बागेत गेलो. थंडी पडू लागली होती आणि करड्या रंगाचे ते पोलाद हाताला बर्फासारखे लागत होते. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिले. तिची तीस पावले भरली. मी तिला दहा सेकंदांचे गणित सांगितले होते. ते तिला खरे वाटत नव्हते. म्हणून तोफेसमोर उभे राहून आम्ही घड्याळाच्या काट्याबरोबर एक, दोन, तीन असे मोठ्याने मोजले. दहा झाल्यावर ती क्षणभर थांबली, वर तोफेच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, “आता दुसरीचे मोजू या?”